शिगवणभाऊंची काच

शिगवणभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी घरातल्या माणसांकडे बघत नाहीत, जमिनीकडे बघतात. उंबऱ्यात चपला काढायच्या, चष्मा कपाळावर ढकलायचा, कमरेत वाकायचं आणि फरशी वाचायला सुरुवात. आपण "या, बसा" म्हणेपर्यंत यांचा निकाल तयार. "पावसकर, तुमच्याकडे आत्ता कोणतरी येऊन गेलाय. दारातनं सरळ आत आला, हितं तटकन वळला नि गेला. भांडलात काय कोणाशी?"

भांडण वगैरे काही झालेलं नसतं. गॅसवाला सिलिंडर ठेवून गेलेला असतो आणि तो वळलेला असतो कारण समोर स्टूल आहे. तसं सांगितलं तर भाऊ स्टुलाकडे संशयाने बघतात. "स्टूल मागाहून ठेवलेलं असू शकतं." म्हणजे माझ्याच घरातलं स्टूल मी कधी ठेवलं याची साक्ष मी यांच्यापुढे द्यायची! गेली दहा-बारा वर्षं मी हा शेजार सोसतो आहे.

दत्ताराम शिगवण मूळचे संगमेश्वराकडच्या एका आतल्या गावचे. घरची थोडी भातशेती, बाकी कातळ. मॅट्रिक झाल्यावर गावातली इतर पोरं मुंबईला जाऊन गोदीत, कारखान्यात लागली. हे एका संशोधन संस्थेत चिकटले ते थेट सूक्ष्मदर्शकाला. काम काय, तर काचेवरच्या रेघा बघणं. पस्तीस वर्षं त्यांनी रेघा बघितल्या आणि निवृत्त होऊन रत्नागिरीत आले, तेही नेमके माझ्या कुंपणाला कुंपण लावून.

कसल्या रेघा, हे विचारायची चूक मी एकदाच केली. माझा फोटो स्टुडिओ आहे. आता पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि लॅमिनेशन यांवर चालतो, पण हयात माझी डार्करूममध्ये गेली. भाऊ काउंटरवर कोपर टेकून सुरू झाले आणि तीन गिऱ्हाइकं कंटाळून परत गेली. काचेवर फोटोच्या फिल्मवर असतो तसाच मसाला, फक्त खूप जाड. जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षाराचे दाणे. त्यातून विद्युतभार असलेला कण गेला की वाटेतले दाणे बिघडतात. काच धुतली की ते काळे पडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यांची रेघ दिसते. कण केव्हाच निघून गेलेला असतो. न्यूट्रिनो म्हणून एक आहे, तो तर सगळ्यांत वस्ताद. त्याला विद्युतभारच नाही, म्हणून रेघही नाही. अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो. क्वचित एखादा अणूच्या गाभ्यावर आदळला, तर काचेत मध्येच एका बिंदूतून चार-पाच रेघा फुटलेल्या दिसतात. आत येणारी रेघ एकही नाही. त्यावरून ओळखायचं की तो आला होता.

"म्हणजे येताना दिसला नाही, जाताना दिसला नाही, आणि तुम्ही पगार घेतलात," मी म्हटलं.

"लोक वाट बघतो म्हणतात नि नुसते बसून ऱ्हातात," भाऊ म्हणाले. "मी खरोखरची वाट बघितली, पावसकर."

हा विनोद ते दर भेटीत करतात आणि स्वतः कधी हसत नाहीत. बहुधा त्यांना तो विनोद वाटत नसावा.

माझ्या धंद्याबद्दल त्यांचं मत फार हलकं. "तुमचा कॅमेरा डोळा मिटून बसलेला असतो. क्षणभर उघडतो नि परत मिटतो. आमच्या काचेला पापणीच नाय. बनवली त्या दिवसापासनं धुवेपर्यंत जे आरपार जाईल ते सगळं धरून ठेवते." मी म्हटलं, "म्हणजे वऱ्हाड, वाजंत्री, जेवणावळ आणि खरकटं, सगळं एकाच फोटोत. असा अल्बम कोण घेईल?" "कोणी घेत नाय," ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणून तर शोधायला माणूस लागतो." टोमणा न कळणाऱ्या माणसाला टोमणा मारण्यासारखं वाया जाणारं दुसरं काही नाही.

आणि चूक दुरुस्त केल्याशिवाय यांना घास गिळत नाही. एकदा पूर्णगडच्या एसटीत आम्ही बरोबर होतो. कंडक्टर सहज म्हणाला, "आज गाडी रिकामी हाय." झालं! भाऊंनी त्याला थांबवला. गाडी रिकामी नाही, या घटकेला तुमच्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला अब्जावधी न्यूट्रिनो चाललेत. कंडक्टरने नखाकडे बघितलं आणि विचारलं, "तिकीट काढलानी का त्यांनी?" अख्खी गाडी हसली. भाऊंनी मात्र उतरेपर्यंत त्याला विद्युतभाराचा अर्थ समजावला आणि तो बिचारा घंटी मारायला विसरून आम्हाला एक स्टॉप पुढे घेऊन गेला.

त्यांच्या आयुष्यात पराक्रम एकच. पस्तीस वर्षांत त्यांना काचेत एक वळण सापडलं. काही कण म्हणे इतके अल्पायुषी की जन्मले, मिठाच्या खड्याएवढं अंतर चालले की संपले. मरताना दुसरा कण मागे सोडतात आणि तो वेगळ्या दिशेने जातो, म्हणून रेघ मोडल्यासारखी दिसते. तीन महिने शोधून भाऊंनी तशी एक मोडलेली रेघ पकडली. ही हकिगत मी लग्नात ऐकली आहे, तेराव्याला ऐकली आहे, आणि मासळी बाजारात कोळणीला ऐकवताना ऐकली आहे. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, सुरमय घेतावं काय नाय?"

पुढे संस्थेत यंत्र आलं. भाऊ महिन्यात बघायचे ते यंत्र सकाळच्या चहापर्यंत बघून मोकळं व्हायचं. निरोपाला शाल, नारळ मिळाला आणि यांनी हट्टाने मागून एक न वापरलेली काच आणली, दोन बोटं रुंद, काळ्या कागदात गुंडाळलेली. सुमनवहिनी याबद्दल त्यांना कधी सोडायच्या नाहीत. "लोकं घड्याळ आणतात. ह्यांनी काच आणलान. ती पण उघडून बघायची नाय म्हणे, उजेड लागतो!" वहिनी घावने करता करता नवऱ्याची अशी सालं काढायच्या, की मला घावनांपेक्षा तेच जास्त आवडायचं. "ह्यांना बायकोचं तोंड धड ठाऊक नाय. काचेवरची रेघ इचारा, बरोब्बर सांगतील." भाऊ खाली मान घालून घावनातली भोकं बघत बसायचे.

मागच्या पावसाळ्यात वहिनींना दुखणं लागलं आणि गणपतीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. मी शहाळं घेऊन बघायला गेलो होतो. कूस बदलताना त्यांच्या उशीखालून एक काळी पुडी खाली पडली, काळी चिकटपट्टी गच्च गुंडाळलेली. भाऊंनी ती झटकन उचलली, परत उशीखाली सारली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मी काय समजायचं ते समजलो. काळी पुडी, आजारी माणूस, उशीखाली. आपल्याकडे शेंबड्या पोराला विचारा, भगताकडची आहे म्हणून सांगेल. मला तर मेजवानीच मिळाली! कंडक्टरला न्यूट्रिनो शिकवणारा हा विज्ञानाचा पुतळा बायको आजारी पडल्यावर भगताच्या दारात गेला. मी ते सलूनमध्ये सांगितलं, रिक्षा स्टँडवर सांगितलं, स्टुडिओत फोटोला बसलेल्यांना सांगितलं. त्यामुळे चेहऱ्यावर हसूही छान यायचं. आठवड्यात आळीभर झालं. भाऊंच्या कानावर गेलंच असणार. ते एका शब्दाने बोलले नाहीत आणि मी त्याचा अर्थ कबुली असा घेतला.

पौषात वहिनी गेल्या.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी भाऊ स्टुडिओत आले. फरशीकडे न बघता सरळ काउंटरशी आले आणि त्यांनी ती काळी पुडी माझ्यासमोर ठेवली. "पावसकर, तुमची डार्करूम हवी. पाऊस आठवड्यावर आलाय."

मी पुडीकडे बघितलं. तीच होती. "ही भगताची..." मी म्हणालो आणि थांबलो.

"काच हाय," भाऊ म्हणाले. "मी आणलेली."

मग त्यांनी सांगितलं. माणसाच्या अंगात पोटॅशियम असतं, केळ्यात असतं तेच. त्यातलं थोडं सतत फुटत असतं आणि त्यातून कण बाहेर पडतात, झोपेतसुद्धा. मागच्या पावसाळ्यात त्यांनी ही काच ओल्या फडक्याबरोबर डब्यात उबेला ठेवून तिच्यावरच्या जुन्या रेघा पुसल्या, मग सुकवून वहिनींच्या उशीखाली ठेवली. ऊब आणि दमट हवा न धुतलेल्या रेघा पुसून टाकते. आता परत पाऊस आला की याही पुसल्या जाणार.

"म्हणजे या काचेत वहिनींच्या रेघा आहेत?"

"हायत. पण वेगळ्या काढता येणार नाय. भिंतीच्या जांभ्या दगडातनं फुटलेल्या हायत, आभाळातनं आलेल्या हायत, माझ्या पण असतील. सगळ्या एकात एक."

"मग धुवून काय मिळणार?"

"ठेवून पण काय मिळणार?" भाऊ म्हणाले. "माझे हात कापतात हल्ली. नायतर तुमच्याकडे आलो नसतो."

उपकार मागायची ही रीत! पण मी डार्करूममधले लॅमिनेशनचे रोल आणि मोडक्या छत्र्या बाहेर काढल्या. भाऊंनी जेटीवरून बर्फ आणला. पाणी जरा कोमट राहिलं तर जिलेटिन फुगून खरवसासारखं काचेवरून सरकून येणार, आणि आमच्या नळाला मे महिन्यात चहाचं आधण येतं. बर्फाला बांगड्याचा वास होता. मी दारावर "आज बंद" लावलं, लाल दिवा लावला आणि दुपारभर दोन म्हातारे त्या वासात ट्रे हलवत उभे राहिलो. काच माझ्या हातात, घड्याळ त्यांच्या हातात. दर दोन मिनिटांनी "हळू" म्हणायचे. चाळीस वर्षं हा धंदा केलेल्या माणसाला! जाड थर म्हणून पुढे उरलेला चांदीचा मसाला विरघळवणाऱ्या हायपोत ती दोन दिवस राहिली. दोन दिवस मी बर्फ बदलत होतो आणि लोक पासपोर्ट फोटोसाठी पलीकडच्या स्टुडिओत जात होते.

तिसऱ्या दिवशी मी काच बाहेर काढून खिडकीशी धरली. थर जागेवर होता, स्वच्छ होता. फक्त उजव्या कोपऱ्यात एक काळा डाग होता, अंगठ्याएवढा. सूक्ष्मदर्शक लागत नव्हता.

फिल्म दाबली गेली की असा डाग येतो, हे मी नवशिक्यांना शिव्या घालून शिकवलेलं आहे. अंधारात माझाच अंगठा पडला असणार. या माणसाचं उरलंसुरलं मी घालवलं. "भाऊ," मी म्हटलं, "माझ्या हातून घोटाळा झाला."

भाऊंनी काच घेतली, चष्मा कपाळावर ढकलला आणि भिंगातून पुष्कळ वेळ बघितलं. "तुमचा नाय. ओल्यात दाबलं असतं तर जिलेटिन खचलं असतं. हे आधीचं हाय. काच कोरडी असताना, कागदावरनं, पुन्हा पुन्हा दाबलेली. नि तुमचा अंगठा जाड हाय."

"मग कोणाचा?"

ते स्टुलावर बसले. "तिला आळीतल्या कोणतरी बाईनं सांगितलान. म्हणाली, शिगवणांनी तुझ्यासाठी भगताकडनं पुडी आणलानी. रात्री मला म्हणते, तुम्ही? तुम्ही भगताकडे गेलावं? माझ्यासाठी? नि हसली. आजारात तेवढी एकदाच हसली असेल. मग कळ आली की ती पुडी मुठीत घट्ट धरायची. कळ जाईपर्यंत सोडायची नाय."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत, ही काच आहे म्हणून?"

"नाय सांगितलं."

मला गप्प बसवत नव्हतं. "भाऊ, ती पुडीची गोष्ट मीच उठवली होती. थट्टा म्हणून."

"ठाऊक हाय," भाऊ म्हणाले.

माझी मला इतकी लाज वाटली, की मी उगाच बर्फाचं पाणी मोरीत ओतायला आत गेलो. परत आलो तर भाऊंनी खिशातली वही काढली होती. दाब पडलेली काच संस्थेत तपासायलासुद्धा घेत नसत, ते सांगत होते, वहीत कोपरा लिहायचा, पुढे बाद लिहायचं आणि काच टाकून द्यायची. बोलता बोलता ते लिहीत होते. हात कापत होता म्हणून वेळ लागला. मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली, अक्षर लागतंय का बघा म्हणाले.

अक्षर वाकडं होतं, पण लागत होतं. "उजव्या कोपऱ्यात दाब. बाद नाही."