येळ्ळूर, व्हाया काकती

आमच्या गल्लीत टांगा थांबून ट्रंक उतरली, की पाहुण्याचा पाय जमिनीला लागायच्या आत कल्लाप्पाण्णा तिथं हजर. घर कुणाचं, पाहुणा कुणाचा, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. एक हात ट्रंकेवर ठेवायचा आणि विचारायचं, "मानसं किती? सामान किती? मुक्काम किती?"

तीस वर्षं जकात नाक्यावर कारकुनी केलेला माणूस. नोकरी संपली, पण नाका काही अंगातून गेला नाही. आठ वर्षांपूर्वी बायको वारल्यावर म्हातारा एकटाच आमच्या गल्लीत खोली घेऊन राहायला आला आणि आमच्या नशिबानं समोरच आला. मुलगी एकच, ती खेड्यात कुठंतरी दिलेली. एवढीच काय ती आम्हाला त्यांची माहिती.

तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली, की कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद निघायचा. नाक्यावरच्या जुन्या पावतीच्या पाठीवर जांभळ्या शाईनं लिहिलेला. बाहेरगावच्या माणसानं बेळगाव कसं बघावं, याचे तीन नंबर त्यात होते. नंबर एक, अर्धा दिवस: किल्ला, किल्ल्यातली जैनांची बस्ती, कपिलेश्वर, काकती. नंबर दोन, पूर्ण दिवस: येळ्ळूरचा गड, व्हाया काकती. नंबर तीन, मुक्काम असेल तर: रेल्वेनं गोकाकचा धबधबा, परत येताना सुळेभावीला उतरून बैलगाडीनं काकती.

आता ज्यांनी बेळगाव बघितलेलं नाही त्यांना सांगतो, येळ्ळूर गावाच्या दक्षिणेला आणि काकती उत्तरेला. येळ्ळूरला काकतीवरून जायचं म्हणजे स्वयंपाकघरात जायला आधी गल्लीला वळसा घालण्यासारखं आहे. हे मी त्यांना एकदा नकाशा काढून दाखवलं. त्यांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, "नकाशा बरोबर हाय. पर काकती केल्याबिगर बेळगाव बघितलं म्हनायचं न्हाय."

"पण काकतीत आहे काय, अण्णा?"

"कित्तूरच्या रानीचं म्हायेर हाय."

"माहेर आहे, पण बघायचं काय?"

"म्हायेर बघायला आनि काय लागतं हो?" असं म्हणून ते माझ्याकडंच दयेनं बघायचे.

माझा मेहुणा पुण्याहून आला होता. चांगला शिकलेला, घड्याळ बघून चालणारा माणूस. त्यानं नंबर दोन निवडला. सकाळी सातला निघालेला टांगा काकती करून येळ्ळूरच्या पायथ्याशी पोचला तेव्हा दिवस मावळतीला आला होता. गड खालूनच बघून परत आला बिचारा. मी विचारलं, "काकतीत काय बघितलंस?" तर म्हणाला, "एक विहीर. आणि घोडं पाणी पितं ते. पुष्कळ वेळ पितं." पुढं चार वर्षं त्यानं आमच्याकडं यायचं नाव काढलं नाही. माझ्या बायकोनं त्याचा राग माझ्यावर काढला, तो वेगळाच.

असं एकाचं नाही, गल्लीतल्या प्रत्येक घराचं झालं. कुणाची मावशी, कुणाचे साहेब, कुणाची नवी सून. सगळी काकतीच्या विहिरीवर जाऊन आलेली. मला तर संशय होता की दस्तगीर टांगेवाल्याकडून म्हाताऱ्याला काही सुटतंय. शेवटी मीच पुढाकार घेतला. घरोघर फिरून सांगितलं, पाहुणे पुढच्या रस्त्यानं आणायचेच नाहीत, मागच्या बोळातून आणायचे. लोक तयारच होते. तीन आठवडे गल्लीत एक ट्रंक दिसली नाही. कल्लाप्पाण्णा रोज सकाळी टोपी-कोट घालून कट्ट्यावर बसायचे, रस्त्याकडं बघायचे, आणि उन्हं चढली की आत जायचे. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. खोटं कशाला सांगू?

त्यातच माझ्या मुलीला, सुमतीला बघायला निपाणीची माणसं आली. मुलाचे वडील दादासाहेब, तंबाखूची वखार असलेले, आणि त्यांच्या बाई, मुलाची आई. मुलगा आम्ही आधी बघितला होता, लाखात एक. सुमतीला याआधी दोन ठिकाणांहून नकार आलेला, त्यामुळं हे स्थळ जाऊ नये म्हणून माझी बायको आठ दिवस देव पाण्यात घालून बसली होती. संध्याकाळी बघणं झालं. पोहे खाल्ले, सुमतीनं नाव सांगितलं, बाईंनी तिला जवळ बसवून दोन शब्द विचारले. पण होय का नाही, ते काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या दिवस हाय. चारच्या मोटारीनं जानार. तवर येळ्ळूरच्या गडावरचा महादेव तेवढा दाखवा. उत्तर जाताना देतो."

म्हणजे सुमतीचं सगळं आता त्या एका दिवसावर. मी दस्तगीरला गाठलं आणि बजावलं. सहाला यायचं, मागच्या बोळात यायचं, घंटा वाजवायची नाही, आणि कुणाला बोलायचं नाही.

सकाळी पाहुण्यांना घेऊन बोळात आलो. टांगा उभा होता. टांग्यात पुढच्या बाजूला टोपी-कोट घालून कल्लाप्पाण्णा बसले होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दस्तगीर घोड्याचा पट्टा आवळत होता, माझ्याकडं मान वर करून बघेना. "अण्णा, तुम्ही इथं कसे?" मी दात खाऊन विचारलं.

"येळ्ळूरला चाललाय म्हनं. म्हटलं, वाट दाखवायला जानतं मानूस पायजे." आणि दादासाहेबांकडं वळून, "मानसं किती? दोन आनि हे एक. सामान न्हाय. मुक्काम न्हाय. नंबर दोन!"

पाहुण्यांपुढं तमाशा करणार कसा? त्यातून दादासाहेबांना वाटलं, हे आमच्याच घरचे कुणी वडीलधारे. ते हात जोडून म्हणाले, "तुमी म्हनशीला तसं." झालं. टांगा उत्तरेला वळला.

"हा किल्ला," कल्लाप्पाण्णा ओरडले. "बघितलासा? लई जुना हाय. चल रं दस्तगीर." एवढ्यात किल्ला संपला. बस्तीला तेवढंही नशीब लाभलं नाही. मी बाईंना हळूच म्हटलं, "जरा वाकडी वाट आहे, पण येळ्ळूर होईल." दोन मैल गेल्यावर दादासाहेब इकडं तिकडं बघत म्हणाले, "ही निपाणीची वाट न्हवं? काल मोटारीतनं ह्याच वाटंनं आलतो आमी."

मला टांग्यातून उडी टाकावीशी वाटली. निपाणीच्या माणसांना निपाणीच्याच वाटेवरचं गाव दाखवायला नेतोय! पोरीचं लग्न मोडायला घरात शत्रू असावा लागतो, माझा शत्रू समोरच्या खोलीत होता.

"मोटारीतनं काय दिसतंय हो!" कल्लाप्पाण्णा म्हणाले. "मोटार काकतीत थांबती व्हय? न्हाय थांबत. मग बघितली म्हनायचं न्हाय." आणि काकती येईपर्यंत त्यांचं तोंड मिटलं नाही. राणी, राणीचा घोडा, काकतीच्या विहिरीचं पाणी, त्या पाण्याची गोडी. फाल्गुनाचं ऊन दहाच्या आतच भाजायला लागलेलं. आमच्या सगळ्यांच्या घशाला कोरड पडली.

काकतीत शिरल्यावर चावडी गेली, देऊळ गेलं. राणीचं नाव कुणी काढलं नाही. टांगा सरळ एका कौलारू घरापुढं विहिरीजवळ उभा राहिला. "घोड्याला पानी दाखवूया," म्हणत कल्लाप्पाण्णा उतरले. टोपी काढली, झटकली, परत घातली.

घरातून विशी-पंचविशीची एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात बादली. तिनं विहिरीचं पाणी काढून दगडी दोणीत ओतलं आणि घोड्याकडं बघत म्हणाली, "आप्पा, लई दिसांनी?"

"पाव्हनंच न्हाईत गं शेवंता गल्लीत," कल्लाप्पाण्णा घोड्याच्या मानेवरनं हात फिरवत म्हणाले. "काय झालंय कुनास ठावं. तीन आठवडं एक टांगा आला न्हाय."

मी तिथंच उभा होतो.

"कोन आलंय गं?" आतून सासूचा आवाज आला. "पाव्हनं हाईत, रानीचं गाव बघाया आल्यात," शेवंतानं सांगितलं आणि आत गेली. येताना तिनं तांब्या-भांडं आणि गूळ आणला. दादासाहेब प्याले, बाई प्याल्या. मी घटाघट दोन भांडी प्यालो. दस्तगीरही प्याला. पाणी खरंच गोड होतं. शेवंतानं तांब्या बापापुढं धरला नाही. त्यानंही मागितला नाही. चार मैल अखंड बोलत आलेला माणूस, ओठ पार सुकलेले, आणि म्हणतो कसा, "मला तान न्हाय."

"पिलं का त्यानं?" शेवंतानं घोड्याचं विचारलं.

"पितंय अजून."

घोड्यानं केव्हाच तोंड वर काढलं होतं. कल्लाप्पाण्णांनी त्याची मान हळूच परत दोणीत घातली.

"चारा टाकू?"

"टाक थोडा. खाईल."

"खोकला हाय का अजून?"

"घोड्याला? न्हाय. रातच्याला थोडा येतोय."

दादासाहेबांच्या बाई माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "लेक हाय न्हवं त्यांची? मग पानी का पीत न्हाईत? मूल न्हाय व्हय तिला?"

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. ही चाल काय मला ठाऊक नव्हती? आमच्याकडंही आहे. माझ्या सासऱ्यांनी माझ्या घरी दीड वर्ष पाणी घेतलं नव्हतं आणि मी ते दारात उभं राहून थाटात बघितलं होतं. एकटा गेला तर म्हातारा लेकीच्या दारात येऊन बसतो, म्हणून चार लोक बोलणार. पाहुण्यांबरोबर गेला तर वाटेत घोडं थांबलं, एवढंच. आठ वर्षं हा माणूस घोड्याच्या तहानेवर लेकीला बघत होता, आणि मी घरोघर फिरून त्याचे पाहुणे बंद केले होते. इतका वेळ त्यांच्यावर जो संताप करत होतो, तो सगळा माझ्यावर उलटला. आणि त्या चालीवर. कुणी काढली असेल ही चाल, त्याला लेक नसेल. घोड्याला पाणी चालतं आणि बापाला चालत नाही!

"मूल नाही," मी बाईंना सांगितलं.

येळ्ळूर झालंच नाही. व्हायचं नव्हतंच. दादासाहेबच म्हणाले, "गड काय पळून जातोय? घोडं पिऊ द्या निवांत." घोडं जवळजवळ तासभर प्यालं.

परत येताना कल्लाप्पाण्णा पुढं बसले होते. किल्ला आला तरी बोलले नाहीत. घरी जेवणं उरकून, पाहुण्यांचं सामान घेऊन त्याच टांग्यानं मोटारीच्या अड्ड्यावर आलो. उतरल्यावर बाई मलाच म्हणाल्या, "पोरगी आमाला पसंत हाय. पर एक सांगून ठेवते. आमच्या घरात तुमी आलासा की पयला तांब्या तुमच्यापुढं येनार. घ्यायचा का न्हाय, ते तुमी बघा."

"घेईन," मी म्हटलं. टांग्यात कल्लाप्पाण्णा पाठमोरे बसले होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, पण ऐकलं असावं.

त्यानंतर मी गल्लीत परत घरोघर फिरलो. पाहुणे पुढून आणा म्हणून सांगितलं. पण पाहुणे काय, सांगून येतात? पंधरा दिवस गेले, एक आला नाही. कल्लाप्पाण्णा कोट घालून कट्ट्यावर बसायचे आणि उन्हं चढली की आत जायचे.

एका रविवारी मी माळ्यावरची रिकामी ट्रंक काढली. बायको म्हणाली, "कुठं निघालात?" मी ट्रंक खांद्यावर टाकली. गल्लीच्या टोकाला जाऊन दस्तगीरच्या टांग्यात बसलो आणि त्याला घंटा वाजवायला सांगितलं. टांगा बरोबर कट्ट्यापुढं थांबला. मी ट्रंक घेऊन उतरलो.

कल्लाप्पाण्णा उठून उभे राहिले. माझ्याकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं, दस्तगीरकडं बघितलं. मग एक हात ट्रंकेवर ठेवला. ती हलकी आहे, हे त्यांना लगेच कळलं असणार; तीस वर्षं नाक्यावर काढलेली.

"मानसं किती?"

"एक."

"सामान किती?"

"हे एवढंच."

"मुक्काम?"

"मुक्काम नाही, अण्णा. बेळगाव बघायचंय. काकती तेवढी राहिलीय."

त्यांनी खिशातला कागद काढला, पण तो उघडला नाही. "टोपी घेऊन येतो," म्हणाले आणि खोलीत गेले. टोपी डोक्यावरच होती. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत, आणि मी आणि दस्तगीर टांग्यापाशी उभे राहिलो.