बंकटनं गोळा केलेलं आंगठं

आन कोन म्हनतं, बंकट चेअरमन व्हायला निघालता? बबनराव म्हनत असंल. म्हनू द्या. दूध संघाच्या खुर्चीत बारा वर्सं बसलं की मानसाला बाभळीआड बसलेला गडीसुदा आपल्या खुर्चीसाठीच टपून बसलाय असं वाटाय लागतं. बंकट गावोगाव पायी फिरला, मान्य. वहीवर आंगठं घेतलं, तेबी मान्य. पन कावून घेतलं, ते बबनराव तुमाला सांगनार न्हाई. मी सांगतो. मधी बोलू नका.

बंकटच्या आईला, मुक्ताबाईला, मोतीबिंदू झालता. डावा डोळा तिचा तरनपनीच ज्वारीचं धाट लागून गेलेला. राह्यला उजवा, तर त्याच्यावर दुधावर यावी तशी साय आलेली. म्हातारी चहात मीठ टाकाय लागली. मंग एक दिवस दारातल्या शेळीला सून समजून "अंजने, चहा टाक" म्हनली. शेळी काय हालंना. तर शिव्या कुनाला? अंजनाला. अंजना चुलीपुढं बसून म्हनली, "आवं, शेळी ऐकत न्हाई त्याला मी काय करू?"

नगरला एक धर्मादाय दवाखाना हाय. तितं आपरेशन फुकट. बंकट आईला म्हनला, "चल उद्या."

"एकली जानार न्हाई," म्हातारी म्हनली. "आपल्या गल्लीतली छबुबाई एकली गेलती. डोळा चांगला झाला, पन चार दिवस बोलायला कोन न्हाई. जिभंला बुरशी आली म्हनत व्हती."

"मंग कोन पायजे तुला?"

"गाडीभर मानसं पायजेत. वऱ्हाडासारखं जाऊ. न्हाईतर मी आंधळी बरी हाय."

आता बंकट म्हंजी काय, तापल्या तव्यावरचं पानी. (मी त्याच्या बांधाला बांध लागून ऱ्हातो, मला मालूम हाय.) उटला आन वरडला, "गाडीभर पायजेत ना? गाडीभर आनतो. पायी फिरून आनतो."

एवढंच. हितनं सगळं सुरू झालं.

दवाखान्यातल्या म्याडमला त्यानं फोन लावला. म्याडम म्हनल्या, चाळीस पेशंट जमवा, आम्ही तुमच्या गावात येऊन तपासू, बस पाठवू, जेवण देऊ. पण चाळीसला एक कमी असला तरी बस येणार नाही. वर असंबी म्हनल्या की नगरला लोक चांगल्या कामासाठी पन्नास-पन्नास किलोमीटर चालतात, आणि चालत आलेल्या माणसाचं लोक ऐकतात. ते बंकटला लई पटलं. गाडीवर गेलं की लोक विम्याचा एजंट समजून दार लावून घेतेत. त्यानं ठरवलं, कडा गावापासून आष्टी, आष्टीपासून पुढं लिंबागणेश. मधी जनावरांच्या चारा-छावन्या जेवढ्या लागतील तेवढ्या करायच्या. शेवटाला गनपतीपुढं नारळ फोडायचा आन यष्टीनं माघारी.

छावन्या कावून? कारन ह्या वर्सी पाऊस नगरापतुर आला, आमचं नाव ऐकलं आन माघारी फिरला. बरीचशी धडधाकट मानसं कोयते घेऊन उसावर गेल्ती. म्हातारी आन राह्यलेली मानसं जनावरं घिऊन छावनीत. गावात फिरून एक पिकला डोळा घावला नसता. आन छावन्या चालवत व्हता दूध संघ. म्हंजी बबनराव.

अंजनानं भाकरी आन ठेचा बांधून दिला. रेशन दुकानातनं शाईचा डबा उसना आनला. शंभर पानी वही. बंकट तिसरी शिकलेला, नाव आन गाव लिव्हन्याइतकं येतं. वर कामाचं नाव लिव्हायचं राह्यलं. तोंडानं सांगू म्हनला. त्याचं तोंड कसं हाय हे त्याला ठाऊक असतं तर लिव्हलं असतं.

पैल्या छावनीत पोचला तर चारा वाटप चालू. मोठ्या जनावराला पंधरा किलो. काट्यावर पेंढ्या, आन पेंढ्याखाली काटेवाल्याच्या बुटाचा पंजा.

झालं. मोतीबिंदू गेला खड्ड्यात.

"पाय काढ बे," बंकट म्हनला.

"कुटं पाय हाय?"

"मंग ते काय तुज्या बापाचं पायतान हाय व्हय? बैलाच्या तोंडातला घास पायानं मोजतोस?"

तितून जो सुरू झाला तो काटेवाला, संघ, संचालक करत करत बबनरावच्या पांढऱ्या गाडीपतुर गेला. पंधरा मिंटं. साठ-सत्तर मानसं गोळा झाली. घसा बसला तवा बंकटला आपलं काम आठवलं. वही काढली, शाईचा डबा उघडला आन म्हनला, "बरं. मी ज्या कामाला आलोय ते बोलू. हितं आंगठा द्या."

आता तुमीच सांगा. आपल्याकडं चेअरमनला शिव्या देऊन झाल्यावर मानूस वही काढून आंगठं मागतो, ते कशाला? शेंबड्या पोरालाबी कळतं. अविश्वास ठराव.

म्हाळू धनगर म्हनून एक म्होरक्या गडी व्हता, तो म्होरं आला. "पुढं बोलूच नगं. समजलं. किती पायजेत?"

"चाळीस."

"चाळीसच? आमी शंभर देतो."

बंकटला भरून आलं. आख्खा तालुका आंधळा झालाय आन कुनाला पत्ता न्हाई.

"सगळ्यांनाच तरास हाय का?" त्यानं हळूच इचारलं.

"कुनाला न्हाई ते सांग."

"कवाधरनं?"

"दोन वर्सं झाली. आदी थोडं थोडं व्हतं, म्हनलं जाऊ दे. आता सहन व्हत न्हाई."

"घाबरू नगा. नगरला गेलं की मोकळं."

म्हाळूनं मागं वळून बघितलं, आवाज बारीक केला. "नगरलाच न्यायचं?"

"हितं सोय न्हाई."

"बरोबर. हितं त्याची मानसं हायेत सगळीकडं. बाहेरच्या जिल्ह्यातनं करायचं. डोकं हाय बंकट तुला."

असं डोकं हाय म्हनून बंकटला जल्मात कोन म्हनलं नव्हतं. त्यानं फुडं काय इचारलंच न्हाई.

तितनं बंकटच्या आदी फोन पोचाय लागलं. दुसऱ्या छावनीत चहा तयार. तिसरीत हार. आष्टीच्या पुढं एका ठिकानी कोंबडं कापलं. लांब चालून मानूस वाळतं असं म्हनतेत. बंकटच्या पायाला फोड आलते, टाच फुटून रगत आलतं, पन पाचव्या दिवशी धोतराची गाठ सैल करत लिंबागणेशला पोचला. नारळ फोडला. वही मोजली. तीनशे बारा आंगठं.

देवळाच्या पायरीवर बसून त्यानं म्याडमला फोन लावला.

"म्याडम, तीनशे बारा झाले."

म्याडमनी इचारलं, "सगळे मोतीबिंदूचे?"

"सगळे. तरनीताठीबी हायेत. बावीस, पंचवीस. एक तर पैलवान हाय."

"बंकटराव," म्याडम म्हनल्या, "तुम्ही आधी सावलीत बसा. पाणी प्या. उन्हात किती दिवस फिरताय?"

यष्टीनं घरी आला तर दारात पांढरी गाडी. बाजंवर बबनराव. बारा वर्सांत ज्यानं आमच्या गल्लीत पाय ठिवला नव्हता तो अंजनानं पुढं ठिवलेला चहा पीत व्हता. आन चहात मीठ हाय हेबी त्याला कळत नव्हतं, एवढा घाबरलेला. (चहा म्हातारीनं केलता.)

"या बंकटराव," तो म्हनला. बंकटला 'राव' लावलेला आमी पैल्यांदा ऐकला. "आपल्यात भांडन कशाला? काय पायजे ते सांगा. संचालक करतो."

"मला चाळीस पायजेत."

"चाळीस कसे? संचालक सतराच असतेत."

"संचालक घालायचेत काय चुलीत? मोतीबिंदू पायजेत. चाळीस मोतीबिंदू."

बबनरावनं कप खाली ठिवला. मंग एकेक करून सगळं बाहेर पडलं. आई, दवाखाना, बस, वही. बबनराव हसाय लागला. पोट धरून हसला. बाजंची दोरी तुटायची राह्यली. आन बंकट मातर उंबऱ्यावर मटकन बसला. तीनशे बारा आंगठं, आन त्यात डोळ्यासाठी दिलेला एकबी न्हाई. आत म्हातारी भिताडाला हात लावत लावत पान्याचा रांजन हुडकीत व्हती. रांजन जितं चाळीस वर्सं व्हता तितंच व्हता.

हसून झाल्यावर बबनराव म्हनला, "दे ती वही. मी चाळीस म्हातारे उद्या जीपीत घालून तुज्या दारात आनतो. एका फोनचं काम हाय."

आन ते खरंच एका फोनचं काम व्हतं. हे बंकटला कळत व्हतं. त्यानं वही मांडीवर घेतली. अंजना दारात हुबी. त्यानं आईकडं बघितलं, वहीकडं बघितलं. मला वाटलं, दिली आता. मी असतो तर दिली असती, खोटं कशाला बोलू.

"वही काढली आईच्या डोळ्यासाठी," बंकट म्हनला. "पन लोकांनी आंगठा दिलाय बैलाच्या चाऱ्यासाठी. दुसऱ्याचा आंगठा मी देनार कोन बे?"

चेअरमनला 'बे' म्हनला. पांढरी गाडी धुरळा उडवत गेली.

दुसऱ्या दिवशी पायाला फडकी गुंडाळून गडी पुन्ना निघाला. पायीच. अंजना म्हनली, आता तरी गाडीवर जावा. तर म्हनला, मार खायचाच हाय तर पायी जाऊन खातो. समद्यांना सांगायचं व्हतं की माज्याकडनं चूक झाली, तुमचा ठराव माज्या वहीत न्हाई.

म्हाळू धनगरानं सगळं ऐकून घेतलं. मान खाजवली.

"मोतीबिंदू व्हय? मंग आदी बोलायचं की येड्या."

"तू बोलू दिलंस का?"

"मला वाटलं शिकलेला मानूस हाय, गुपित ठिवतोय." म्हाळूनं बैलाच्या पाठीवर हात फिरवला. मंग म्हनला, "माजी आई हाय बघ. सकाळी गवऱ्या समजून माज्या चपला चुलीत घातल्या. तिला लिव्ह."

तितनं सुरू झालं. आंगठा ज्यानं दिला त्यो आपलं म्हातारं काढाय लागला. कुनाची सासू, कुनाचा चुलता. पैलवानाची आजी निघाली, दोनी डोळ्याला. परत्येक छावनीत चार-पाच. म्हाळूनं ती जुनी पानं आपल्याकडं घेतली, वर 'अविश्वास ठराव' असं पोस्टमनकडनं लिव्हून घेतलं आन घिऊन गेला सरकारी हापिसात. त्याचं काय व्हायचं ते व्हईल. पन काटेवाल्याचा पाय त्या दिवसापासनं जिमिनीवर हाय, हे मी ह्या डोळ्यानं बघितलं.

मंगळवारी म्याडम आन डाक्टर आमच्या गावच्या साळंत आले. शेचाळीस म्हातारे-म्हाताऱ्या बाकड्यावर बसलेल्या. काय तो कालवा. मुक्ताबाई मधोमध बसून म्हाळूच्या आईला सुनंची गाऱ्हानी सांगत व्हती, आन म्हाळूची आई तिला चपलांचं सांगत व्हती. दोघींला एकमेकींचं तोंड दिसत न्हवतं, पन गट्टी जमली.

डाक्टरांनी सगळे तपासले. कुनाचा रक्तदाब, कुनाची साखर, कुनाला नुसता चष्मा. सात जन बाद. राह्यले एकोनचाळीस.

म्याडमनी पेन खाली ठिवला. "एक कमी आहे, बंकटराव."

बंकटचं डोकं फिरलं. साळंच्या दारात हुबा राहून गावाला वरडाय लागला. "एवढ्या गावात एक मोतीबिंदू न्हाई व्हय रे? सगळे तरने झालात? या बाहेर. भ्येता कशाला? मुंगी चावल्यागत व्हतं. मर्द असाल तर या."

डाक्टर त्याच्याकडं बघत व्हते. म्हनले, "तुम्ही या इकडे. बसा."

"मी कशाला? मी जमा करनारा हाय."

"बसा तर खरं."

बंकट बसला. ब्याटरी मारली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. डाक्टर म्हनले, पिकायला आलाय. म्याडमनी पेन उचलला, चाळीस नंबरला नाव टाकलं, बसला फोन केला. सगळ्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बंकट म्हनला, "जरा लघवीला जाऊन येतो."

त्याला आज दुसरा दिवस.

हितं म्हातारीनं लुगडं, पितळी तांब्या, तंबाखूची पुडी बांधून ठिवलीय. आयुष्यात पैल्यांदा नगरला निघालीय, संगं एकोनचाळीस... न्हाई, अडतीस जन घिऊन. अंजना म्हनते, इंजेक्शन बघितलं की त्येंचं पाय आपोआप चालाय लागतेत, लगीन झाल्यापासनं बघतीय. बस उद्या गुरवारी सकाळी सातला साळंपुढं येनार, म्याडम उतरून डोकी मोजनार, आन चाळीस न्हाई भरली तर रिकामी माघारी जानार.

तुमी म्हनाल, मंग तुमी कावून बसत न्हाई त्याच्या जागंवर? माझं डोळं चांगलं हायेत. तपासलं न्हाईत, पन चांगलं हायेत. तपासनीच्या दिवशी मला रानात काम व्हतं. दुष्काळात रानात काय काम असतं, ते इचारू नका.

तर फटफटी त्यानं न्हेलेली न्हाई. म्हंजी गडी पायीच हाय, लांब गेला नसंल. तुमच्याकडं आला तर बोलत बसू नका. आत घ्या, चहा पाजा, बाहेरून कडी लावा आन मला फोन करा. सातच्या आत.