पाय मोकळा हाय का?

"सर, वेळ आहे का?" असं विचारणारा शेजारी मी सहन केला असता. आमचे तात्या तसं विचारत नाहीत. रविवारी सकाळी आठ वाजता कंपाउंडच्या भिंतीवर त्यांचं ऑइलने माखलेलं डोकं उगवतं आणि विचारतं, "सर, पाय मोकळा हाय का?"

बाकीचा मी त्यांना नकोच असतो. इंदापुरात वीस वर्षं गणित शिकवतोय मी, पण तात्यांच्या लेखी माझ्याकडे कामाची वस्तू एकच, उजवा पाय. त्या पायाने त्यांच्या गाडीचा ब्रेक दाबायचा असतो.

तात्या साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. खरं तर गाडीने त्यांच्याआधी निवृत्त व्हायला हवं होतं. तिशी ओलांडलेली निळी गाडी, मागच्या दोन्ही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. ती गॅरेजला न्यायची नाही हा तात्यांचा बाणा. "बारामतीला नेली तर चार पोरं चाक खोलत्यात अन् जोडताना चौघंबी मोबाइल बघत्यात. ब्रेक म्हंजी काय पंक्चर हाय व्हय?" त्यामुळे पुढच्या चाकांना दगड, मागे जॅक, पोत्यावर आडवे तात्या आणि स्टिअरिंगमागे मी, असा आमचा रविवार असतो.

"दाबा!" मी दाबतो. "धरा!" मी धरतो. तात्या मागे एक बारका नट ढिला करतात, नळीतून ऑइल बाटलीत उतरतं आणि त्याबरोबर आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे येतात. "सोडू नका!" नट आवळायच्या आत पाय सुटला तर हवा पुन्हा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. एकदा मला शिंक आली. "घेतली! हवा घेतली!" तात्या असे ओरडले की समोरच्या बाई लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या. जगात काहीही बिघडलं की तात्यांच्या मते त्याने हवा घेतलेली असते. पंख्याने घेतलेली असते, जावयाने घेतलेली असते. माझ्या दहावीच्या वर्गाचा निकाल लागला तेव्हा पेढा नाकारून म्हणाले, "औंदा पोरांनी जरा हवा घेतली, सर."

पूर्वी ब्रेक दाबायची ही नोकरी तात्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची होती. तीस वर्षं त्यांनीच केली. गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली आणि जागा माझ्याकडे आली. काकूंच्या भावाने निरवांगीला नवं घर बांधलंय. तिथे काकूंना आपल्याच गाडीतून न्यायचं, हा तात्यांचा ध्यास. काकू तयार नव्हत्या. "भावजयांच्या म्होरं पाय वढत उतरू व्हय मी?" डॉक्टरांनी पायाचा व्यायाम दिला होता. तो त्यांनी दोन दिवस केला, तिसऱ्या दिवशी रडल्या आणि सोडून दिला. आणि इकडे हे गृहस्थ बायकोचा पाय सोडून चाकाच्या मागे! माझं डोकंच फिरायचं. एकदा सुनावलंही, "तात्या, भाड्याची गाडी करा आणि काकूंच्या व्यायामाकडे बघा."

"बघतोय की," तात्या म्हणाले. "दाबा."

त्यात त्यांचा एक नियम. दोन्ही चाकं एकदम खोलायची नाहीत. "एक खोलायचं, दुसरं तसंच ठिवायचं. इसरलं तर त्याच्याकडं बघून जोडायचं." हा नियम ते सगळीकडे लावतात. चपलेचा अंगठा तुटला तर शिवायला एकच चप्पल नेतात, दुसरी घरी 'बघायला' ठेवतात आणि बाजारात अनवाणी फिरतात.

एका रविवारी एक चाक खोलून ठेवून तात्या रबरी वायसर आणायला गेले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. माझ्या घरी नाश्ता थंड होत होता. म्हटलं, आपणच दुसरं चाक खोलून ठेवू, म्हणजे एकदाचं संपेल. झेपत नसताना उंटाचा मुका घ्यायला जाण्याचा हा प्रकार. पक्कड लावताच एक स्प्रिंग सणसणत जास्वंदीत गेली. तिच्यामागोमाग बाकीचा संसार माझ्या मांडीवर उतरला.

तात्या आले. उघड्या दोन्ही चाकांकडे त्यांनी पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पोत्यावर बसले आणि म्हणाले, "सर, आता बघायचं कुणाकडं?"

तेवढ्यात ओट्यावरून काकूंचा जड, ओढल्यासारखा आवाज आला. "लांब स्प्रिंग वर. आखूड खाली. हूक मागनं."

तात्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. मग उठले आणि तिच्यासाठी खुर्ची गाडीशेजारी आणून ठेवली. मी तोंड चुकवून घरी आलो.

पुढच्या रविवारी भिंतीवर डोकं आलं नाही. मी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचला. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. म्हटलं, सुटलो! तिसऱ्या रविवारी मात्र मला करमेना. पाय मोकळा होता आणि कुणी विचारत नव्हतं. म्हातारा रागावला असणार, माफी मागून टाकावी म्हणून गेलो.

स्टिअरिंगमागे काकू होत्या. उजवा पाय ब्रेकवर, डाव्या हाताने गुडघा रेटताहेत, कपाळावर घाम. मागून तात्या, "दाब… धर… अगं, धर!"

"आजून किती ऱ्हायलंय?"

"लई हवा हाय अजून!"

मी तात्यांजवळ वाकलो. इतके रविवार घालवल्यावर एवढं तर मला कळतं. नळीत एकही बुडबुडा नव्हता. मी तोंड उघडणार तोच तात्यांनी काळं बोट ओठांवर ठेवलं. बाटलीवर पांढरी पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर पेनाने रेघा. "पयल्या रविवारी धा दाबात ऑइल हितवर आलतं," ते कुजबुजले. "आज बघा, हितवर." शेवटची रेघ चांगली दोन बोटं वर होती.

"म्हणजे ब्रेक?"

"त्यो कवाच झालाय. व्यायाम म्हटलं की रडती, सर. काम म्हटलं की न्हाय म्हनत न्हाय. जल्मात कवा म्हनली न्हाय."

मला स्वतःची लाज वाटली. भाड्याच्या गाडीचा सल्ला आठवला आणि जास्तच वाटली. काहीतरी करावं म्हणून पुढच्या दाराशी जाऊन म्हणालो, "काकू, दमलात तुम्ही. उतरा जरा, मी दाबतो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचं सगळं लक्ष त्या ब्रेकवर होतं.

"ऱ्हाऊ द्या, सर," त्या म्हणाल्या. "निरवांगीला जायाचंय आमाला. माझा पाय मोकळा हाय."