घडीचा स्टोव्ह विमानाने जातो

रेल्वेने जायचं की विमानाने, एवढाच प्रश्न होता. डॉक्टर शंकररावांनी त्यावर इतका विचार केला की शेवटी रेल्वे निघून गेली आणि विमान तेवढं उरलं. (त्यांचे बहुतेक निर्णय असेच होत. ते घेत नसत. जो उरे तो पदरात पडे.)

शंकरराव औषधांचे डॉक्टर नव्हते. सुती कापडावर रंग पक्का कसा बसवावा, या विषयात त्यांनी पीएच.डी. केली होती आणि सबंध नोकरी इंदूरच्या एका मिलच्या रंगखात्यात घालवली होती. स्वभाव शंकेखोर. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की परत येऊन कुलूप ओढून बघत. मग कुलूप ओढताना ते सैल झालं असेल, या शंकेने पुन्हा परत येत. शंका नव्हती ती एकाच बाबतीत. आपल्या हाताखालून गेलेला रंग जात नाही! मिलमधून निघणाऱ्या कापडाच्या प्रत्येक थानाच्या काठावर ते स्वतः शिक्का मारत: 'रंग पक्का', आणि खाली त्यांच्या नावाची आद्याक्षरं.

मग मिल बंद झाली. वर्तमानपत्रांत रोज येत होतं की देशाची दारं आता उघडली आहेत. शंकररावांना दिसलं ते एकच दार, मिलचं, आणि ते तर बंद होतं.

मिलमधला फिटर उदयसिंह मात्र रडत बसणारा माणूस नव्हता. त्याचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते असं तो सांगे, आणि बोले तेव्हा अजूनही घोड्यावरच असे. त्याने शंकररावांसकट आपल्यासारखेच घरी बसलेले चार जण गोळा केले, पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या भागात एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि पाय दुमडून पिशवीत मावेल असा पितळेचा पंपाचा स्टोव्ह बनवला. डोंगर चढणाऱ्या लोकांसाठी.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही आपले टेक्निकल डायरेक्टर," तो म्हणाला.

"अरे, पण मला स्टोव्हमधलं काय कळतं?"

"नावाच्या आधी डॉक्टर आहे ना भिया! दुनिया तेवढंच वाचते."

जावई जयेश दिल्लीला होता. त्याचा मित्र देवांश तिथे गिर्यारोहणाचं सामान विकायचा. स्टोव्ह पसंत पडला तर तो मोठी ऑर्डर देणार होता. नाही पडला तर दिवाळीपर्यंत शेडचं शटर पडणार होतं, आणि शटरबरोबर पाच घरं. देवांश बुधवारी दुपारी मनालीला निघणार होता, म्हणून त्याला बुधवारी सकाळीच गाठायचं. मंगळवारची सकाळ उजाडली तरी शंकररावांचं ठरलं नव्हतं. जयेशने वैतागून फोनवरूनच त्यांचं विमानाचं तिकीट काढलं.

सरलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि नुसता सुस्कारा सोडला. संसारात त्यांचे निम्मे शब्द अशा सुस्काऱ्यांनीच वाचले होते. आदल्या संध्याकाळी शेडमध्ये स्टोव्ह पेटवून सगळ्यांनी त्यावर चहा करून प्यायला होता, त्यामुळे तो काळवंडला होता. सरलाबाईंनी तो चिंच लावून, मग रांगोळीने घासून लखलखीत केला. मिलच्या लिलावातून उदयसिंहाने जाड हिरव्या कापडाची थानं शेडला पडदे करायला आणली होती. त्यातल्या तुकड्याची त्यांनी स्टोव्हसाठी पिशवी शिवली. पिनेला वेगळा कप्पा, काडेपेटीला वेगळा, खांद्याला अडकवायला पट्टे. थानाच्या काठावरचा 'रंग पक्का' हा शिक्का आतल्या बाजूला आला.

"बघा, तुमची सही पण आहे आत," त्या म्हणाल्या. "आता तरी टेन्शन घेऊ नका. आणि एक ऐका. विचारेल तेवढंच बोला."

"कोण विचारेल?"

"जो विचारेल तो! फालतू एक शब्द नाही."

विमानतळावर पोचवायला उदयसिंह झेंडूचा हार घेऊन आला. हार गळ्यात घालून विमानात बसायची शंकररावांना लाज वाटली, तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे, वापसीला घालू. ऑर्डर घेऊन आल्यावर." आणि विमान उडताना बघायचं म्हणून तो बाहेरच्या जाळीला नाक लावून उभा राहिला.

आत एक पोलीस इन्स्पेक्टर टेबलावर सामान उघडून बघत होता. शंकररावांनी हिरवी पिशवी इतकी घट्ट धरली होती की इन्स्पेक्टरला ती ओढून घ्यावी लागली.

"क्या है इसमें, दादा?"

"स्टोव्ह."

इन्स्पेक्टरने स्टोव्ह बाहेर काढला. त्याचा चेहराच बदलला. "अरे वाह! पीतल का! हमारी माताजी के पास ऐसा ही था। पैर भी मुड़ते हैं?" त्याने पाय दुमडून बघितले, पुन्हा उघडले, टाकी उलटी करून हलवली. थेंब पडला नाही. "एकदम नया है। जाइए, जाइए।"

झालं होतं. स्टोव्ह पिशवीत गेला होता, पिशवी खांद्यावर गेली होती आणि शंकरराव चार पावलं पुढे गेले होते. सरलाबाई तिथे असत्या तर त्यांनी पाठीला हात लावून त्यांना तसंच पुढे ढकललं असतं. पण शंकरराव थांबले. त्यांच्या डोक्यात कुलूप ओढून बघायची वेळ झाली होती.

ते परत फिरले.

"साहेब, एक बात है।"

"बोलिए।"

"आपने कहा, नया है। नया तो है, लेकिन कल शाम को जलाया था।"

इन्स्पेक्टरने मान वर केली. "क्यों?"

"जलता है कि नहीं, देखने के लिए।"

"तो खाली है न अब?"

"तेल खाली है," शंकरराव म्हणाले, आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "लेकिन टाकी में रॉकेल की वाफ... माने भाप रहती है। दिखती नहीं। ऊपर हवा का दाब कम होता है, तो वह—"

"दादा," इन्स्पेक्टर हळूच म्हणाला, "मैंने पूछा?"

"नहीं। लेकिन पूछना चाहिए था।"

रांगेत मागे उभ्या असलेल्या एका जाड्या गृहस्थाने कपाळावर हात मारला. "अरे भिया, चुप रह जाते ना!"

इन्स्पेक्टरने टोपी काढून टेबलावर ठेवली. तोही थकलेला दिसत होता. "देखिए। आपने नहीं बोला था, तो मैंने नहीं सुना था। अब आपने बोल दिया और मैंने सुन लिया। अब यह विमान में नहीं जाएगा।"

"पण साहेब, मी तर फक्त..." घाबरल्यावर शंकरराव मराठीवर येत. "माझी खात्री आहे हो, काही होणार नाही. म्हणजे बहुतेक."

"बहुतेक?" इन्स्पेक्टरला तेवढा शब्द नेमका कळला. मग त्याची नजर खाली गेली. "हाथ दिखाइए। यह हरा-हरा क्या है?"

शंकररावांनी तळवे बघितले. घामेजलेले आणि हिरवे. इतक्या संकटातही त्यांना बरं वाटलं. अखेर कोणीतरी त्यांना येणारा प्रश्न विचारला होता. पितळेत तांबं असतं, घामात क्षार असतात, दोघांचा संयोग झाला की हिरवा थर धरतो, हे त्यांनी अगदी मुळापासून समजावून सांगितलं. जाडे गृहस्थ तोवर खुर्ची शोधून बसले होते.

"थैला ले जाइए," इन्स्पेक्टर शेवटी म्हणाला. "स्टोव बाहर किसी को दे आइए। जल्दी।"

बाहेरच्या जाळीशी उदयसिंह तसाच उभा होता. आभाळाकडे बघणाऱ्या माणसाला समोरून टेक्निकल डायरेक्टर स्टोव्ह घेऊन पळत येताना दिसले.

"डॉक्टरसाहेब! वापस? काय झालं?"

"मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलं?"

"खरं ते."

उदयसिंह तेव्हा घोड्यावरून उतरला. त्याने जाळीवरून स्टोव्ह घेतला. शंकरराव आत वळले तेव्हा त्यांनी एकदाच मागे बघितलं: उदयसिंह जाळीला टेकून खाली बसला होता, शेजारी स्टोव्ह होता आणि हार त्याने स्टोव्हला घातला होता.

विमानात खिडकीची जागा मिळाली. खाली इंदूर दिसत असावं. शंकररावांनी बघितलं नाही. मांडीवर रिकामी पिशवी घेऊन ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा जुळवत होते: देवांशजी, स्टोव्ह फार चांगला आहे, आणला असता तर तुम्हाला आवडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाक्यही आठवलं नाही. देवांश, तिशीचा तरतरीत मुलगा, म्हणाला, "दिखाइए, डॉक्टरसाहब." आणि शंकररावांनी टेबलावर पिशवी ठेवली. रिकामी.

जयेश छताकडे बघू लागला.

देवांशने पिशवीत हात घातला. काही सापडेना. त्याने कप्पे उघडले, बंद केले, पट्टे ताणून बघितले, शिवण उलटी करून बघितली. मग उठला, पिशवी पाठीला लावली आणि आरशासमोर जाऊन उभा राहिला.

"यह किसने बनाया?"

"मिसेसने."

"स्टोव तो मेरे पास विलायती आ रहे हैं, सर. अब सब खुल गया है. पर ऐसा मजबूत थैला नहीं मिलता. कितने दे सकते हैं?"

शंकररावांचे डोळे भरून आले.

"आप डॉक्टर किसमें हैं, सर? स्टोव में?"

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि शंकररावांना इन्स्पेक्टरची टोपी आठवली. सरलाबाई आठवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते शहाण्यासारखे वागले.

"जी," ते म्हणाले, आणि तोंड मिटलं.

शेडचं शटर पडलं नाही. लेथ मशीन गेलं, शिलाई मशीनं आली. स्टोव्हचं पितळ, पत्रा, बर्नर, सगळं मोडीत काढून त्या जागी कापडाची थानं रचली. सरलाबाई आता मुख्य होत्या. त्या आणि बाकीचे तिघे मशीन चालवत. उदयसिंह तलवार चालवावी तशी कात्री चालवत असे. टेक्निकल डायरेक्टरांकडे तयार पिशव्यांचे लोंबणारे दोरे कापायचं काम होतं. ("तिथे बसून करण्यासारखं आहे ते, आणि बोलावं लागत नाही," असं सरलाबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं.) पिशव्यांच्या दोन खेपा दिल्लीला गेल्या. दिवाळीला पाचही घरांत फराळ झाला.

थंडीत एका दुपारी शेडमधला फोन वाजला. फोन शंकररावांच्याच हाताशी होता.

"डॉक्टरसाहब, मैं देवांश. थैले एकदम फर्स्ट क्लास हैं, शिकायत कुछ नहीं है. बस जरासी बात है. मनालीत बर्फ पडली ना, थैले भीगले, तर लोकांच्या शर्टवर, स्वेटरवर, सगळीकडे रंग उतरला." जयेशच्या संगतीने तो आता थोडं मराठी मिसळू लागला होता. "बीस लोग नीचे उतरे, सबकी पीठ हरी."

शंकररावांनी दोरे कापायची कात्री खाली ठेवली.

"अब आप ठहरे स्टोव के आदमी, आपसे क्या कहूँ. पर इंदौर तो मिलों का शहर है. वहाँ रंग का जानकार कोई तो होगा? जरा पूछकर देखिए ना."

शंकररावांनी समोरच्या थानाकडे बघितलं. काठावर शिक्का स्वच्छ उमटला होता. आद्याक्षरंही वाचता येत होती.

"बघतो," ते म्हणाले. "मिळणं कठीण आहे." आणि फोन ठेवला.

"कोण होतं हो?" सरलाबाईंनी मशीन न थांबवता विचारलं.

"देवांश. पिशव्या आवडल्या म्हणाला."

सरलाबाईंनी चहाचा कप पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "आधी हात धुऊन या. बघा, पुन्हा हिरवे झाले. रोज कपांना डाग पडतात."

"पितळेमुळे होतं ते," शंकरराव म्हणाले.

सरलाबाईंनी शेडभर नजर फिरवली. पितळ तिथे आता औषधालाही उरलं नव्हतं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि कप खाली ठेवला.