हिरामणशेठची पडद्याची गाडी

हिरामणशेठ लग्नाच्या मांडवात शिरले की आधी नवरा-नवरीकडे बघत नसत. नाक वर करून एकदा दमदार वास घेत. मग मागच्या रांगांतून सावकाश फिरत आणि एखाद्या तान्ह्या पोराच्या आईपुढे थांबून खालच्या आवाजात विचारत, "बाय, गाडी आनू का मांडवामागं?"

आता हे वाक्य कोण म्हणतंय तेही बघा. सव्वासहा फूट उंची, बोटभर जाड सोनसाखळी, मनगटात कडं, चार बोटांत चार अंगठ्या आणि कल्ल्यांना भिडलेल्या मिशा. ओळख नसलेली बाई घाबरणारच. एकीने तर सरळ भावांना हाक मारली होती. तिघे भाऊ बाह्या सरसावून धावत आले. पाच मिनिटांनी त्यांतला थोरला शेठच्या जीपमागे भाचीचे दोन्ही पाय वर धरून अवघडून उभा होता, आणि शेठ त्याला सांगत होते, "पुढून मागं पुस रे, पुढून मागं. पोरीची जात हाय ती. उलटं पुसशील तर तिला तरास व्हईल."

माझी त्यांची ओळखही अशीच झाली. दोन हजार तीन-चारच्या सुमारास मी डोंबिवलीची खोली सोडून भिवंडीजवळ काल्हेरला राहायला आलो. तिथल्या एका गोदामात मी माल पाठवणीचा कारकून होतो. आमची इमारत हिरामणशेठच्या जमिनीवर उभी राहिलेली आणि शेजारीच त्यांचा बंगला. हे मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. गोदामातल्या एका सहकाऱ्याच्या लग्नाला आम्ही आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन गेलो. जेवणं सुरू व्हायच्या बेताला मुलीने व्हायचं ते केलं. माझ्या बायकोने, वंदनाने, शेवटच्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तिला आडवी करून लंगोट सोडला. मी दोन पावलं लांब उभा राहून, या दोघींशी आपला काही संबंध नसल्यासारखा चेहरा करून, मांडवाची झालर न्याहाळत होतो.

तेवढ्यात खांद्यावर कडं घातलेला हात पडला.

"भाऊ, ह्या खुर्चीवर आता कोन बसनार हाय?"

मी खुर्चीकडे पाहिलं.

"नवी साडी नेसून कोनतरी म्हातारी येल आनि बसंल. आनि तो लंगोट कुठं टाकनार? खुर्चीखाली?" मग वंदनाकडे वळून एकदम मऊ आवाजात, "वैनी, तुमाला न्हाय बोलत हां मी. तुमी बसा आनि जेवा. पोरीचा बापूस येल माझ्यासंगं."

पोरीचा बापूस गेला. न जाऊन सांगतो कोणाला!

मांडवामागे त्यांची जीप उभी होती. मागचा दरवाजा उघडल्यावर मी बघतच राहिलो. मागची बाकं काढून तिथे फळी ठोकलेली, फळीवर गादी, गादीवर रेक्झिन. दोन्ही बाजूंना फुलाफुलांचा पडदा. एका कोपऱ्यात तोटीचा पाण्याचा कॅन, साबण, दोऱ्याला बांधलेला टॉवेल. दुसऱ्या कोपऱ्यात घड्या घातलेल्या लंगोटांची चळत आणि घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. मी पोरीला गादीवर ठेवायला वाकलो, तर त्यांनी मला अडवलं.

"पयला हात, मग पोर!"

हे त्यांचं ब्रीदवाक्य. दिवसातून शंभरदा म्हणत. हात धुण्याचंही त्यांचं माप होतं. साबण लावला की अकरा वेळा मारुतीचं नाव घ्यायचं आणि मगच तोटी सोडायची. मी सातव्या नावाला तोटीकडे हात नेला, तर म्हणाले, "घाई कसली? मारुती पळून जातंय का?"

त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, मी स्वतःच्या मुलीचा लंगोट बदलला. पहिला सुटला. दुसरा इतका आवळला की पोरगी किंचाळली. तिसरा जमला. शेठनी मळलेला लंगोट डब्यात टाकला, रेक्झिन साबणाच्या फडक्याने पुसलं, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसलं आणि म्हणाले, "आता परत हात." पुन्हा मारुती, पुन्हा अकरा. परत आलो तेव्हा वंदना जिलबी खात होती. मूल झाल्यापासून एखाद्या समारंभात ती गरम जेवण जेवतेय, हे दृश्य मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगतो, मला स्वतःची लाज वाटली.

शेजारी असल्यामुळे पुढे येणं-जाणं वाढलं आणि मी या गाडीचा बिनपगारी मदतनीस झालो. गाडीची कीर्ती भिवंडीच्या चारी बाजूंना पसरलेली होती. एकदा नाक्यावर हवालदाराने जीप अडवली. पडदे लावलेली गाडी, पत्र्याचा डबा आणि वर असा मिशाळ मालक! गावठी दारूच असणार, असं धरून त्याने स्वतः डब्याचं झाकण उघडलं. त्या दिवशी वळगावातल्या हळदीहून आम्ही परतत होतो आणि तिथे पोरं भरपूर होती. हवालदाराने झाकण लावलं, दोन पावलं मागे सरला आणि हातानेच 'जा' म्हणाला. शेठ मात्र खाली उतरले. "साहेब, झाकनाला हात लावलात. या, धुऊन घ्या." भर रस्त्यात त्यांनी हवालदाराकडून मारुतीचं नाव अकरा वेळा घेववलं.

लंगोटांचं कापड यायचं त्यांचे शाळासोबती युसुफभाई यांच्या कारखान्यातून. युसुफभाईंचे लूम, म्हणजे यंत्रमाग, पिढीजात. ताग्यातून उरलेले मऊ सुताचे तुकडे ते शेठसाठी बाजूला काढत आणि काढताना कुरकुरत. "हिरामण, मेरे लूम का इतना अच्छा माल, आनि तू ते कशाला वापरतोस? मी घरात सांगू शकत नाही रे." लूमवरून उतरलेल्या कापडाला खळ असते, ती तान्ह्या अंगाला टोचते. म्हणून शेठ ते तुकडे दोनदा उकळत, धूत आणि बंगल्याच्या पुढच्या गॅलरीत वाळत घालत. संगमरवरी खांबांचा दुमजली बंगला आणि गॅलरीभर पांढरे लंगोट. जमिनीच्या सौद्यासाठी मोटारीतून येणारे शेठ-सावकार चक्रावून जात. त्यांच्यातल्या एकाने "घरात जुळं झालं वाटतं?" असं विचारलेलं मी ऐकलं आहे. मजा म्हणजे घरात गडीमाणसं असूनही हे सगळं शेठ स्वतः करायचे. लीलाकाकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तर त्या कापडाला हातसुद्धा लावू देत नसत.

औषधाच्या दुकानांत तेव्हा डायपर नुकते दिसू लागले होते. ते वापरून लोक खाडीत भिरकावत. शेठचा त्यावर भारी राग. "पोराची घान खाडीत, खाडीतलं मावरं आपल्या ताटात!" असं म्हणत त्यांनी एका पाहुण्याला फेकलेला डायपर उचलून आणायला लावला होता. पण हा सगळा राग बाप लोकांवर आणि मामा लोकांवर. पोराच्या आईला त्यांनी कधी एका शब्दाने टोचलेलं मी पाहिलं नाही, आणि दुसऱ्या कोणी टोचलेलं ते खपवून घेत नसत. एका हळदीत एक आजोबा नाकाला रुमाल लावून सुनेकडे रागाने बघत होते. शेठनी बायकांची गाणी थांबवून माईकच हातात घेतला. "निळ्या फ्रॉकवाल्या पोरीचा बापूस जिथं असंल तिथून गाडीकडं यावा. पोरीची आयस सकालपासून उपाशी हाय. आनि ज्यांना वास येतंय, त्यांनी आपलं लहानपन आठवावा." आजोबांचा रुमाल खिशात गेला.

दोन गोष्टींचं मात्र मला कोडं होतं. एक म्हणजे शेठ स्वतः लग्नात कधी जेवत नसत. सगळ्या पोरांच्या आयांना जेवायला बसवतील, पण आपण डबा भरून घेऊन घरी जातील. आणि दुसरं म्हणजे लीलाकाकी सहसा कुठल्या लग्नाला जात नसत. सख्ख्या भाच्याच्या लग्नातसुद्धा त्या अक्षता टाकून जेवणाआधी रिक्षाने घरी परतल्या होत्या. शेठ डबा आणत आणि दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तो खात.

एकदा शेठना मांडवात उशीर होणार होता, म्हणून डबा पोचवायला मी गेलो. डबा हातात देताना न राहवून विचारलं, "काकी, तुम्ही का नाही येत? सगळे विचारतात."

काकी डब्याचं झाकण काढता काढता सहज बोलावं तशा बोलल्या. "दिघाशीला लगीन होता, यांच्या चुलतभावाचा. आमची सुनीता चार महिन्यांची. पंगतीत बसले, पत्रावलीवर भात पडला, वर वरन पडला, आनि पोरीनं मांडी भरवली. कुठं जानार? कोपऱ्यात वलले आनि लंगोट सोडला. हे वाढत होते. चार मानसं हसली, तर यांचा डोका फिरला. सगल्यांसमोर माझी पत्रावल उचलली नि म्हनाले, 'ऊठ! लोकांच्या जेवनात घान करतेस?'"

"मग?"

"मग काय! उठले. पोरीला घेऊन चालत घरी आले. उन्हाचा. पायात चप्पलबी न्हवती, मांडवात राहिली." त्यांनी भाताचा डबा वेगळा ठेवला. "आनि हे जेवले हां. दोनदा भात घेतला. मना नंतर जावेनं सांगितला. घरी आले, माझ्या पायाचे फोड बघितले, तवा कलला. तवापासून लग्नात जेवले न्हाय, आनि मी पंगतीत बसले न्हाय. बावीस वर्सं झाली."

"माफी नाही मागितली?"

काकी हसल्या. "त्यांना बोलाया येतो कुठं? माईकवर येतो फक्त."

मी गॅलरीतून घरी आलो. लंगोट वाळत होते. त्या दिवसापासून मला ते बघून हसू आलं नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात त्याच चुलतभावाच्या मुलाचं लग्न निघालं. दिघाशीलाच. सुनीता बाळंतपण उरकून पाच महिन्यांच्या मुलाला घेऊन माहेरी आलेली. तिला ही गोष्ट ठाऊक होती. तिने जाहीर केलं, "आई पंगतीत बसनार असंल तरच मी येनार." काकी नाही म्हणाल्या. शेठनी मात्र आठवडाभर ती जीप इतकी धुतली की रंग जाईल असं मला वाटलं. निघायच्या दिवशी सकाळी ते जीपपाशी नुसतेच उभे होते. मी, वंदना, सुनीता आत बसलो. शेवटी काकी नव्या चपला घालून बाहेर आल्या आणि कोणाकडेही न बघता पुढच्या सीटवर बसल्या. शेठनी किल्ली फिरवली.

दिघाशीत अजून सतरंजीवर पंगत बसते. बायकांच्या पंगतीत काकी बसल्या, शेजारी सुनीता, पलीकडे वंदना. नातू काकींच्या मांडीवर. शेठ वरणाची बादली घेऊन वाढत होते आणि मी भात. पत्रावळीवर भात पडला, वर वरण पडलं. काकींनी पहिला घास कालवला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. आम्हाला सगळ्यांनाच कळलं. नातवाने आजीची मांडी भरवली होती.

सुनीता उठू लागली, तशी काकींनी तिला खाली दाबली आणि स्वतःच उठायला पदर सावरला. बावीस वर्षांत ती सवय गेली नव्हती.

शेठनी बादली जमिनीवर ठेवली. भर पंगतीत काकींसमोर उकिडवे बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

"आन हिकडं. तू उठू नको. तू जेव."

काकींनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटांना वरण लागलेलं होतं. त्या म्हणाल्या, "हात धुतले का पयले?"

पंगत खदखदून हसली. शेठ उठले, लाल चेहऱ्याने नळावर गेले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. अकरा वेळा, मी मोजलं. परत येऊन त्यांनी नातवाला उचललं आणि पडद्याच्या गाडीकडे घेऊन गेले. आज पडद्याआड ते बराच वेळ होते. लंगोटाला एवढा वेळ लागत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी तिकडे गेलो नाही.

ते आले तेव्हा नातू कोरडा होता आणि शेठचे डोळे लाल. काकींची पत्रावळ साफ झाली होती.

"भात हाय का अजून?" काकींनी विचारलं. "दुसऱ्यांदा घ्याचा हाय मना."

मी पातेलं घेऊन पुढे झालो, तर शेठनी नातू माझ्याकडे देऊन ते माझ्या हातातून काढून घेतलं. ते वाढत राहिले. काकी "पुरे, पुरे" म्हणत होत्या आणि ते थांबत नव्हते. मग काकी थोड्या सरकल्या, सतरंजीवर जागा केली आणि त्या जागेवर हात थोपटला.

"बस आता. तूबी जेव."

एवढा धिप्पाड माणूस बायकांच्या पंगतीत, दोन नऊवाऱ्यांच्या मधे, अंग चोरून मांडी घालून बसला. कोणी हसलं नाही. मी नातू सुनीताकडे दिला, नळावर गेलो, अकरा वेळा मारुतीचं नाव घेतलं आणि शेठपुढे पत्रावळ मांडली.