शिनयीचं न्हाणं

जपानमध्ये तोयोसूच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या शिनयीला पहिलं बाळ झालं, आणि तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती: डोक्यावरून आंघोळ. पण बाळंतिणीने महिनाभर केसांना पाणी लावायचं नाही, वाऱ्याला जायचं नाही, असं चीनमधल्या आईचं फर्मान होतं. आईला व्हिसा मिळाला नव्हता, तरी व्हिडिओ कॉलवरून ती लेकीचे केस रोज तपासायची. भांडायला शिनयीच्या अंगात बळ नव्हतं.

नवरा ऑफिसला गेल्यावर बाळाला घेऊन ती शेजारच्या अनघाकडे आली. "जरा बाळाला धर, मला फक्त केस धुऊ दे," ती जपानीत म्हणाली. अनघाने पुण्याहून आलेल्या सासूबाईंना, लीलावतीबाईंना, सगळं मराठीत सांगितलं.

"म्हणजे बाळंत झाल्यापासून न्हाली नाही?" लीलावतीबाई उठल्याच. "बाळंतीण आहे की कैदी? अनघा, तेल गरम कर."

शिनयीला हवा होता शाम्पू. मिळालं तेलाचं मालिश आणि कढत पाणी. बिचारी सुखाने रडली. इथे सगळं थांबलं असतं तर बरं होतं. पण न्हालेल्या बाळंतिणीला धुरी नको? लीलावतीबाईंनी तापल्या तव्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकली.

"आई, इथे धूर नका करू," अनघा म्हणाली.

"एवढ्याशा ओव्याला कोण विचारतंय?"

छताला लावलेल्या धूर ओळखणाऱ्या यंत्राने विचारलं. ते कोकलू लागलं आणि सगळी बिल्डिंग शिस्तीत जिन्याने खाली उतरली. खाली समुद्रावरचा गार वारा, अनघाच्या कुशीत बाळ, शिनयीचे ओले केस, आणि नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल. तिने सवयीने उचलला.

ओले केस बघून आई चिनीत जी सुटली, ती थांबेचना. लीलावतीबाईंना शब्द कळला नाही, पण राग पटला. ओल्या डोक्याने वाऱ्यात? त्यांनी आपली शाल शिनयीच्या कानांवरून घट्ट गुंडाळली, आपले मोजे काढून तिच्या पायांत चढवले आणि फोनकडे बघून हाताने वाऱ्याला हाकललं.

आईचा आवाज खाली आला. मग हळूच काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" लीलावतीबाईंनी विचारलं.

शिनयीने जपानीत सांगितलं, अनघाने मराठीत. "म्हणते, महिना संपेपर्यंत लेक तुमच्या हवाली. फक्त केसांना पुन्हा पाणी लावू नका."

"महिना कसला? आमच्यात सव्वा महिना असतो, सांग तिला."

अनघाने ते जपानीत सांगितलं. शिनयीने क्षणभर विचार केला आणि आईला चिनीत म्हणाली, "या म्हणतात, बाळंतिणीने रोज न्हायलाच हवं."

आईने लीलावतीबाईंकडे पाहून आदराने मान डोलावली. सव्वा महिना मंजूर झाला असं समजून लीलावतीबाईंनीही डोलावली.