मिठाच्या किल्ल्याचा पाचवा भाग

पोराबाळांना आनंद झाला की त्याची रीतसर चौकशी व्हायला पाहिजे, हे सुधारलेल्या वस्तीचं पहिलं लक्षण आहे. चौकशीविना झालेल्या आनंदाची पुढे सवय लागते, आणि सवय लागलेलं पोर दुकानात पाठवलं तर वेळेवर परत येत नाही. आमची वस्ती एकलहऱ्याला, पॉवर हाउसच्या चिमण्या दिसतात तिथे. ती सुधारायला ब्याऐंशी साल उजाडलं. त्याआधी आम्ही नुसतेच राहत होतो.

सुधारणेला कारण झाली पुस्तकं. एका साहेबाची बदली झाली, सामानाच्या ट्रकात एका पेटीला जागा उरली नाही, म्हणून ती त्याने समाजमंदिराला दान दिली. (जागा असती तर दान झालं नसतं. बहुतेक दानं अशीच होतात.) पेटीत सगळी पोरांची पुस्तकं निघाली. बेटं, भुयारं, राक्षस, उडते घोडे, बोलणारी कासवं. समाजमंदिरातल्या लोखंडी कपाटात ती लावली आणि पोरांनी कपाटावर धाड घातली.

वाचून झालं की पोरं दुपारी माझ्या ओट्यावर जमायची. माझा ओटा वस्तीत सगळ्यात लांब. आमच्या मालकांनी बांधला तेव्हा लोक हसले होते; आता त्याच लोकांची पोरं तिथे बसतात. मी तांदूळ निवडायची आणि त्यांची मतं कानावर पडायची. मतं तरी कशी? एकजण म्हणे, राक्षस अडाणी आहे, जीव पोपटात ठेवायचा तर निदान पोपट तरी कुलुपात ठेवावा. दुसरी म्हणे, राजपुत्र सारखा रडतो, घोडा त्याच्याहून हुशार, राज्य घोड्यालाच द्यायला पाहिजे होतं. सिंधुबाईचा भिका भुयाराचं पुस्तक वाचल्यापासून मोरीत एकटा जायचा बंद झाला होता, आणि हे तो "लय भारी पुस्तक" म्हणून सगळ्यांना सांगे. भांडणंही व्हायची. उडता घोडा शेण टाकत असेल तर ते कोणाच्या गावात पडतं, यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं.

अशी सगळी अवस्था. कोणत्याही जबाबदार माणसाला बघवली नसती.

आमच्याकडे जबाबदार माणूस म्हणजे सावळीराम. पॉवर हाउसच्या स्टोअरमध्ये कारकून. खिळा द्यायचा झाला तरी तीन सह्या घेतो, म्हणून वस्तीत हुशार समजला जातो. एका दुपारी तो ओट्यासमोर सायकल धरून उभा राहिला, घोड्याचा विषय पूर्ण ऐकला आणि पोरांना म्हणाला, "या सगळ्यातून बोध काय घेतला?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बोध म्हणजे कोणाच्या हातून काही फुटलं की काय, असं त्यांना वाटलं.

पुढच्या महिन्यात बाल अभिप्राय समिती स्थापन झाली. अध्यक्ष सावळीराम, चिटणीस माझा मुलगा जयराम. (जयराम माझ्या घरात राहतो. तो उलटं सांगतो.)

समितीचे नियम इतके सोपे होते की मोठ्या माणसांनाही कळले. सातवीच्या आतल्या कोणालाही सभासद होता येईल. पुस्तक परत करताना रविवारी समाजमंदिरात उभं राहून अभिप्राय द्यावा. अभिप्रायात बोध असावा. बोध समितीला पटला तरच पुढचं पुस्तक मिळेल. 'मज्जा' हा शब्द वापरू नये. घोड्यासंबंधी प्रश्न काढू नयेत. अभिप्राय देताना हसू नये, हसल्यास पुन्हा पहिल्यापासून द्यावा. कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या खिशात राहील.

मी कमी शिकलेली बाई, पण चांगल्याला चांगलं म्हणते. निकाल डोळे दिपवणारा लागला. पहिल्या सहा महिन्यांत एकेचाळीस अभिप्राय आले आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस अभिप्रायांत एकच बोध होता, मोठ्यांचं ऐकावं. पहिल्याच पानावर पोरगा घरातून पळून जातो त्या पुस्तकातून हाच बोध निघाला. दुष्ट काकाला विहिरीत ढकलतात त्यातूनही हाच. एका पुस्तकात मोठं माणूसच नव्हतं, नुसती कासवं होती. त्यातूनही समितीने तो काढून घेतला. सावळीरामने अहवालात लाल शाईने 'शंभर टक्के' लिहिलं.

पुस्तकांचंही भलं झालं. पूर्वी त्यांची पानं निसटायची, कडांना तेलकट बोटं लागायची. आता ती नव्यासारखी राहू लागली, कारण अभिप्राय तयार असल्यावर पुस्तक उघडायचं काही कारण उरत नाही. भिकाने एका रविवारी तीन पुस्तकांवर अभिप्राय दिले. त्यातलं एक पुस्तक कपाटात नव्हतंच. पण बोध बरोबर होता, म्हणून त्याला कंपासपेटी बक्षीस मिळाली. माझ्या ओट्यावर तर इतकी शांतता झाली की तांदळातला खडा ताटात पडला तरी ऐकू यायचा.

एक घर मात्र सुधारायचं राहिलं. ते माझं.

माझी नात चांगुणा, जयरामची थोरली, सहावीतली. तिने समिती व्हायच्या आधीच 'मिठाचा किल्ला' नावाच्या पुस्तकाचे पहिले चार भाग घरी आणून ठेवले होते. एकूण भाग सहा. मला अक्षरं येतात, पण जोडाक्षर आलं की मी थांबते आणि गोष्ट पुढे जाते. म्हणून चांगुणा वाचायची आणि मी ऐकायची. गोष्ट अशी. एक जादूगार माणसांचं मीठ करतो आणि त्या मिठाच्या विटांनी किल्ला बांधतो. रेवा नावाची नावाड्याची पोरगी. तिचा बाप पश्चिमेच्या भिंतीत वीट होऊन बसलेला. रेवा मावशीशी खोटं बोलते, किल्ली मिळवते, किल्ल्यात शिरते. चौथ्या भागाच्या शेवटी तिला बापाची वीट सापडते आणि त्याच वेळी आभाळ भरून येतं. पाऊस आला तर किल्ला कोसळेल, जादूगार मरेल, आणि बापही विरघळेल. नाही आला तर जादूगार तिला पकडेल.

आणि तिथे चौथा भाग संपतो. छापणाऱ्याच्या घरी म्हातारी माणसं नसावीत.

पाचवा भाग कपाटात होता. काचेतून दिसायचा. रविवारी चांगुणा समितीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मला आवडलं. रेवा खोटं बोलली नसती तर किल्ल्यात पोचलीच नसती. पाऊस यावा का येऊ नये, ते मला ठरवता येत नाही. म्हणून झोप लागत नाही." सावळीरामने विचारलं, बोध? ती म्हणाली, "अजून माहीत नाही. पाचवा भाग वाचून सांगते."

इतका उद्धटपणा समितीच्या इतिहासात (सहा महिने) झाला नव्हता. चांगुणाचं सभासदत्व दिवाळीपर्यंत बंद. ठराव लिहिला जयरामने. घरी आला, मान खाली घालून बसला. तीन भाकरी मात्र खाल्ल्या.

मी पोरीला जवळ बसवून समजावलं, की म्हणून टाक एकदा, मोठ्यांचं ऐकावं. जीभ काही झिजत नाही.

"आजी, ते पुस्तकात नाहीच," ती म्हणाली. "रेवाने ऐकलं असतं तर तिचा बाप भिंतीतच राहिला असता."

"आणि आपल्या पाचव्या भागाचं काय?"

"तुला पाहिजे ना? मग तू म्हण."

अशी हट्टी पोर. कोणावर गेली कळत नाही. पण आभाळ भरलेलं, बाप भिंतीत, आणि दिवाळी लांब. माझ्या वयाला दिवाळीचा भरवसा कोणी द्यावा? मी चपला घातल्या आणि सावळीरामच्या दारात गेले. म्हटलं, मला सभासद कर.

"गोजरामावशी, समिती बालकांसाठी आहे."

"वय लिहिलंय नियमात?"

त्याने नियम काढले. वय नव्हतं. सातवीच्या आत, एवढंच होतं.

"मी दुसरीत आहे," मी म्हटलं. "इंग्रज होते तेव्हापासून दुसरीतच आहे. वरच्या वर्गात कोणी घातलंच नाही."

सावळीराम सरळ माणूस. नियम मोडण्यापेक्षा तो खिळा गिळेल, तोही तीन सह्या घेऊन. त्याने माझं नाव घातलं.

रविवारी मी ठेवणीतलं लुगडं नेसले. समाजमंदिरात सगळी पोरं रांगेत, चांगुणा दाराशी, टेबलामागे समिती. जयराम फरशी बघत होता. फरशी आमच्याकडे चांगली आहे. मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि म्हटलं, "मिठाचा किल्ला, भाग चौथा. यातून मला असा बोध मिळाला की मोठ्यांचं ऐकावं."

टेबलामागच्या चेहऱ्यांवर असा उजेड आला की पंखासुद्धा जोरात फिरल्यासारखा वाटला. सावळीराम पोरांना म्हणाला, बघा, या वयात. मी विचारलं, समितीला पटला का बोध? शंभर टक्के, तो म्हणाला. चिटणीसांनाही पटला? जयरामने मान हलवली.

"मग या समाजमंदिरात सगळ्यात मोठं कोण आहे?"

 सावळीरामने नियम चाळले, मग अहवाल चाळला. त्याच्याच अक्षरात, लाल शाईने, शंभर टक्के.

"माझं ऐक," मी म्हटलं. "किल्ली इकडे."

त्याने किल्ली काढली. खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, सही लागेल."

"सही येते. दुसरीत शिकवतात."

मी कपाट उघडलं आणि पाचवा भाग चांगुणासमोर धरला. तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, "आजी, तू खोटं बोललीस."

"हो," मी म्हटलं. "किल्ली मिळवायची होती."

तेव्हा तिने पुस्तक घेतलं.

किल्ली आता माझ्या कनवटीला असते. ओटा पुन्हा भरतो, दोन घरांचं बोलणं सुरू होऊन घोड्यावरूनच पुन्हा बंद झालं आहे, आणि भिकाने कासवांचं पुस्तक पहिल्यांदाच उघडलं. समिती मोडली नाही. समित्या मोडत नसतात. दर रविवारी ती जमते आणि अध्यक्ष-चिटणीस एकमेकांना अभिप्राय देतात. बोध एकमताने निघतो.

पाऊस आला का आणि रेवाच्या बापाचं काय झालं, ते मला माहीत आहे. तुम्हालाही हवं असेल. पण रीत ती रीत. आधी उभं राहून, हे वाचून काय बोध घेतला तो सांगा. मोठ्यांचं ऐकावं, असं म्हणणार असाल तर बसून घ्या, तुम्ही वाचलेलं नाही. आणि मधे कुठे हसला असाल, तर नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून.